सप्टेंबर कुणाचा? जुन्या इंटरनेटवरचे नवखे आणि आपण



गेल्या पावसाळ्यात घोडेगावजवळच्या एका विहारात आम्ही तरुणांचा अभ्यासवर्ग घेतला. वर्गाला बारावी झालेली एक मुलगी पहिल्यांदाच आली होती आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. निघताना तिच्या मावशीने कारण सांगितले. मुलीने आमच्याच कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारले होते, "पुणे करारात नक्की काय ठरलं?" एकाने उत्तर दिले, "आधी वाचून या, मग बोला." दुसऱ्याने त्यावर हसणारी तोंडे टाकली. तिसऱ्याने काही न बोलता चारशे पानांची पीडीएफ टाकली. मुलगी रात्रीच ग्रुपमधून बाहेर पडली. लपवण्यात अर्थ नाही, तो सगळा प्रकार आम्हीही त्या दिवशी वाचला होता आणि बोट सरकवून पुढे गेलो होतो.

मनुवाद्यांनी दार बंद केले तर आपण मोर्चा काढतो. आपणच बंद केले तर? या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही जुन्या इंटरनेटचा इतिहास वाचायला घेतला. फेसबुक, व्हॉट्सअॅपच्या आधीही लाखो लोक संगणकावरून एकमेकांशी वाद घालत होते, आणि नवीन आलेल्या माणसाचे काय करायचे हा त्यांचाही रोजचा प्रश्न होता. त्यांनी त्याला दिलेली उत्तरे काही चांगली, काही अगदी ब्राह्मणी. दोन्ही आपण तपासली पाहिजेत.

या जाळ्याचे नाव युजनेट. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने तिचा पहिला प्रोग्राम लिहिला. तेव्हा अर्पानेट नावाचे सरकारी जाळे होते, पण त्यात शिरकाव अमेरिकी संरक्षण खात्याशी करार असलेल्या संस्थांनाच. बाकीचे बाहेर. या मुलांनी साधी टेलिफोन लाइन वापरली. एका विद्यापीठाचा संगणक रात्री, फोनचे दर कमी झाले की, शेजारच्या संगणकाला फोन लावायचा, दिवसभराचे संदेश द्यायचा-घ्यायचा. तो पुढच्याला. असे करत एक पत्र हळूहळू सगळीकडे पोचायचे. मधे मालक नाही, मुख्यालय नाही. 'गरिबांचे अर्पानेट' असे त्याला त्यांच्या वर्तुळातच म्हणत. तुलना ताणायची नाही, ड्यूकचे विद्यार्थी काही वंचित नव्हते. पण मोठ्यांच्या पंगतीत पान मिळत नाही म्हणून स्वतःची पंगत मांडणे ही गोष्ट आपल्याला सांगून समजावी लागत नाही. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ मध्ये पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढला, बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला, ते त्याच कारणाने.

युजनेटवर विषयवार गट असत, त्यांना न्यूजग्रुप म्हणत. १९८६-८७ मध्ये सगळ्या गटांची नावे नव्याने लावली: संगणकासाठी कॉम्प, विज्ञानासाठी साय, करमणुकीसाठी रेक, समाजासाठी सोक, आणि जाळ्याच्या स्वतःच्या कारभारासाठी न्यूज. या न्यूज शाखेत खास नवख्यांसाठी दोन गट होते. 'न्यूज.अनाउन्स.न्यूयूझर्स' मध्ये ठरावीक काळाने तीच ती माहितीपत्रके पुन्हा पुन्हा टाकली जात, आणि 'न्यूज.न्यूयूझर्स.क्वेश्चन्स' मध्ये कुणीही कितीही बाळबोध प्रश्न विचारावा, त्यावर हसायचे नाही. चक व्हॉन रोस्पाक यांनी इथे वागावे कसे याची पहिली पोथी लिहिली. जीन स्पॅफर्ड नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने ही पत्रके वर्षानुवर्षे, १९९३ पर्यंत, फुकट सांभाळली, दुरुस्त केली आणि टाकत राहिला. ब्रॅड टेम्पलटनने एक खट्याळ पत्रक लिहिले. त्यात एक काल्पनिक बाई प्रत्येक प्रश्नाला मुद्दाम चुकीचा सल्ला देते, आणि ते वाचून काय करू नये हे माणसाला हसत हसत कळते.

आज प्रत्येक वेबसाइटवर दिसणारी 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' ही यादीसुद्धा याच काळातली. अवकाशविज्ञानावरच्या नासाच्या एका ईमेल चर्चेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेच प्रश्न परत परत येऊ लागले, म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवायची पद्धत पडली. पुढे ती युजनेटभर पसरली आणि अशा शेकडो याद्यांचा साठा एमआयटीच्या एका संगणकावर ठेवला गेला. त्या संगणकाचे नाव 'आरटीएफएम'. याचा अर्थ एक शिवी घालून 'माहितीपुस्तक वाच' असा होतो. म्हणजे आमच्या ग्रुपवरचे 'आधी वाचून या' तिथेही होतेच! फरक एवढाच की तिथे वाचायचे काय, ते छोट्या पानांत लिहून हाताशी ठेवले होते. चारशे पानांची पीडीएफ तोंडावर फेकणे आणि दोन पानांत उत्तर लिहून ठेवणे यात कष्ट कुणी घ्यायचे हा प्रश्न आहे. पहिल्यात नवख्याने, दुसऱ्यात जाणत्याने.

आता या जाळ्यात आपण कुठे होतो ते पाहू. भारतीयांसाठी आधी 'नेट.एनलँग.इंडिया' हा गट होता, नामांतरानंतर तो 'सोक.कल्चर.इंडियन' झाला, आणि पुढे 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी' हाही निघाला. त्यात लिहिणारे बहुतेक अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेलेले भारतीय. इकडे देशात १९८६ मध्ये अर्नेट सुरू झाले. त्याच्या सुरुवातीच्या आठ घटकांत पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि खुद्द केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण १९७३ मध्ये आले, ओबीसींचे २००८ मध्ये. त्या संगणकासमोर कोण बसले असेल ते यावरून समजते. सामान्य माणसाला पैसे भरून इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमकडून, १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी महानगरांत आणि वर्षाला हजारो रुपये मोजून.

आणि याच विदेश संचारचे मोठे उपग्रह केंद्र कुठे होते? आपल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वीला. परदेशाशी उपग्रहाने बोलायचे भारतातले पहिले व्यापारी भूकेंद्र १९७१ मध्ये तिथे सुरू झाले, विक्रम साराभाईंचे नाव त्याला दिले. तिथून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण विश्वातल्या रेडिओ लहरी ऐकते. आमच्या आधीच्या पिढीतल्या बाया त्या परिसरात द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या रानात रोजंदारीला गेल्या, तबकड्या लांबून पाहिल्या. आकाशाशी बोलणारी यंत्रणा तालुक्यात आणि डिंभ्याच्या पलीकडे कित्येक वर्षे मोबाइलला रेंज नव्हती. तंत्रज्ञान गावात येणे आणि ते गावाच्या सगळ्या वस्त्यांचे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाषेचा अडसर निराळा. युजनेटवर देवनागरी उमटत नव्हती. मराठी लिहायचे ते रोमन अक्षरांत, किंवा अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्ससारख्या पद्धतीने, ज्यात मोठ्या-छोट्या इंग्रजी अक्षरांचे संकेत पाठ असावे लागत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेल्या पोराने तिथे मराठीतून बोलायचे तरी कसे? मराठीच्या गटात मराठी वाचता येण्यासाठी इंग्रजी लागे. आम्ही ते जुने संदेश चाळले तेव्हा आपल्यातली आडनावे फार शोधावी लागली. आडनावे मोजणे हे काही संशोधन नव्हे हे मान्य. पण परदेशातल्या भारतीयांच्या या चर्चांतून कुठला इतिहास 'भारतीय' म्हणून घडवला जात होता, यावर विनय लाल यांच्यासारख्या अभ्यासकाने १९९९ मध्येच लिहिले आहे. हिंदुत्वाची आयटी सेल २०१४ ला जन्मली असे ज्यांना वाटते त्यांनी तिकडे पाहावे.

आता सप्टेंबरची गोष्ट. अमेरिकेत कॉलेजे सप्टेंबरमध्ये उघडतात. दरवर्षी त्या महिन्यात नवीन विद्यार्थ्यांना युजनेटची चावी मिळे आणि महिनाभर गोंधळ चाले. कुणी चुकीच्या गटात लिहितोय, कुणी शंभर ओळींच्या पत्राखाली 'सहमत' एवढेच लिहितोय. जुने लोक कुरकुरत, पत्रके दाखवत, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत मंडळी रुळत. १९९३-९४ च्या सुमारास एओएलसारख्या कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना युजनेटचे दार उघडून दिले. आता नवखे वर्षातून एकदा येत नव्हते, रोज येत होते. जुन्यांनी त्याला नाव दिले 'न संपणारा सप्टेंबर'. तेव्हापासून इंटरनेटचा इतिहास लिहिणारे एक सुतकी वाक्य लिहितात, की तिथून सगळे बिघडले, सामान्य लोक आले आणि चर्चेचा दर्जा गेला.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलेय? राखीव जागांवरची मुले आली आणि मेडिकल कॉलेजचा दर्जा गेला. मंडल आले आणि मेरिट गेले. दर्जा नेहमी नेमका दुसऱ्यांच्या येण्यानेच कसा जातो! समाजशास्त्रात पिएर बोर्दिए ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. घरातून, शाळेतून फुकट मिळालेल्या सवयी माणूस स्वतःची गुणवत्ता समजतो, आणि ज्याला त्या मिळाल्या नाहीत त्याला अडाणी ठरवतो.

तरीही युजनेटच्या जुन्या लोकांवर सगळे खापर फोडणे न्यायाचे होणार नाही. त्यांची अडचण खरी होती. शंभर जुन्यांत दहा नवे आले तर ते बघून बघून शिकतात. शंभरांत दहा हजार आले तर बघायचे कुणाकडे? एओएलने पैसे घेऊन दार उघडले, पण ओळख करून द्यायला कुणी ठेवले नाही. ग्राहक आणले, सभासद घडवले नाहीत. सप्टेंबर संपला नाही याचा दोष नवख्यांचा कसा, स्वागताला माणसे कमी पडली याचा तो दोष.

इथे आम्हाला विनयपिटकातला महावग्ग आठवतो. संघ वाढला, नवे भिक्खू भराभर आले. त्यांना शिकवणारे कुणी नव्हते. चीवर नीट नेसलेले नाही, भिक्षेला जाताना जेवणाऱ्यांच्या पुढे पात्र धरतात, भोजनाच्या जागी गोंगाट करतात. लोक नावे ठेवू लागले. म्हणजे सप्टेंबरच! तक्रार बुद्धांपर्यंत गेली. भगवंतांनी भरती थांबवली नाही की 'लायक असेल त्यालाच घ्या' म्हटले नाही. त्यांनी उपाध्यायाची व्यवस्था केली. प्रत्येक नवख्याला एक जाणता माणूस. उपाध्यायाने शिष्याला मुलासारखे मानावे, शिष्याने उपाध्यायाला वडिलांसारखे. आणि कर्तव्ये दोन्ही बाजूंनी: शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची सेवा करायची. जुन्नरच्या डोंगरांत, तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्रीत, दोनशेच्या वर लेणी खोदलेली आहेत. त्यातल्या विहारांच्या कोठड्या पाहताना आम्ही तरुणांना हे सांगतो, की इथे नवे भिक्खू जाणत्यांच्या सोबतीने राहत. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, जिथे आज गणपतीला तिकीट काढून जावे लागते, तिथेही अशाच कोठड्या आहेत.

दुसरे उदाहरण याच तालुक्यातले. ओतूरच्या सत्यशोधकांनी १८८० च्या दशकात ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता लग्ने लावली, आणि तिथल्या जोशांनी आपला वतनी हक्क बुडाला म्हणून कोर्ट गाठले. प्रश्न दक्षिणेचा होता तसा माहितीचाही होता. विधी कसा करायचा हे फक्त भटाला ठाऊक, म्हणून भट लागायचा. जोतीराव फुल्यांनी १८८७ मध्ये सत्यशोधक पद्धतीच्या मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींची पुस्तिका छापली. ज्याला अक्षरे जुळवता येतात त्याने ती हातात घ्यावी आणि लग्न लावावे. जे एका जातीच्या तोंडात होते ते कागदावर आले, की मक्तेदारी गेली.

आणि आपला स्वतःचा सप्टेंबर म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६. एका दिवसात लाखो नवखे. त्रिशरण-पंचशीलाबरोबर बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांवर तत्त्वज्ञानाची बरीच चर्चा होते, पण एका साध्या बाजूकडे आपले लक्ष जात नाही. नव्या माणसाने उद्या सकाळी उठून काय करायचे आणि काय सोडायचे, हे त्यात एकेका वाक्यात, पाठ होईल असे सांगितले आहे. वंदना कशी घ्यायची याची छोटी पूजापाठ पुस्तिकाही त्यांनी केली होती. त्यानंतर ५३ दिवसांत बाबासाहेब गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ मध्ये छापून आला, तोही इंग्रजीत. लाखो नवखे आणि उपाध्याय नाही, अशी ती अवस्था. गावोगाव ज्याला दोन गाथा येत होत्या त्याने चौघांना शिकवल्या, चुकत शिकवल्या, पाली उच्चार वाकडे झाले. आमच्या आजीची 'बुद्धं सरणं' शेवटपर्यंत वेगळ्याच चालीत होती. 'आधी वाचून या' असे त्या पिढीतल्या कुणी कुणाला म्हटले असते तर आज गावात विहार नसता.

आता कामाचे बोलू, कारण वर्गात पोरे विचारतात की हे युजनेट अजून आहे का, आणि बघायचे कसे.

आहे. संगणकावर थंडरबर्ड हा ईमेलचा फुकट प्रोग्राम घ्या. त्यात नेहमीच्या ईमेल खात्याऐवजी न्यूजग्रुपचे खाते जोडायची सोय असते. सर्व्हर लागतो, तो 'इटर्नल सप्टेंबर' या नावाने चालणारा फुकट मिळतो, नोंदणी करावी लागते, आणि तिथे फक्त मजकूर चालतो, चित्रे-सिनेमे नाहीत. नावावर लक्ष द्या. ज्या शब्दाने नवख्यांना हिणवले तोच कुणीतरी दारावरची पाटी म्हणून लावला. आत गेल्यावर गटांची यादी उतरवून घ्या आणि दोन-चार गट निवडा. आठवडाभर फक्त वाचा. उत्तर देताना समोरच्याच्या मजकुरातल्या हव्या तेवढ्याच ओळी ठेवा आणि आपले म्हणणे त्याखाली लिहा. एकच पत्र दहा गटांत टाकू नका. त्रास देणाऱ्याला उत्तर देत बसण्यापेक्षा 'किलफाइल' करा, म्हणजे त्याचे संदेश तुमच्यापुरते दिसेनासे होतात, त्याचे तोंड मात्र कुणी बंद केलेले नसते. मराठीच्या गटात फार अपेक्षा ठेवून जाऊ नका. कचरा जास्त आहे. संगणक, विज्ञान, पुस्तके यांच्या काही गटांत अजून माणसे बोलतात.

जुने संदेश पाहायचे तर गूगल ग्रुप्सवर आहेत. डेजा न्यूज नावाच्या कंपनीचा साठा गूगलने २००१ मध्ये विकत घेतला, आणि त्याच वर्षी १९८१ पासूनचे संदेश त्यात जोडले. सुरुवातीची वर्षे वाचली ती हेन्री स्पेन्सर या टोरोंटो विद्यापीठातल्या माणसामुळे. प्राणिशास्त्र विभागाचे संगणक सांभाळताना त्याने सगळे संदेश चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले होते. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने तिथे नवे संदेश घेणे थांबवले, जुने शोधता येतात.

म्हणजे त्या सवर्ण अनिवासी मंडळींनी १९९० च्या दशकात घातलेले वाद आजही उपलब्ध आहेत. आणि आपले? आपली माणसे नेटवर मोठ्या संख्येने आली ती २००० नंतर, सायबर कॅफेतून, बहुतेक याहू ग्रुप्सवर. झेस्टकास्टसारख्या गटांत जातीच्या प्रश्नावरच्या बातम्या आणि चर्चा रोज फिरत. खैरलांजी २००६ ची. तेव्हा मराठी वृत्तपत्रे जे छापत नव्हती ते कार्यकर्ते ईमेलने एकमेकांना पाठवत होते. याहूने ऑक्टोबर २०१९ मध्ये नवा मजकूर घेणे बंद केले, मग जुना पुसून टाकला, आणि १५ डिसेंबर २०२० ला दुकान बंद केले. एका खाजगी कंपनीने आपल्या दहा-पंधरा वर्षांचा वादविवाद झाडून टाकला आणि आपल्यातल्या बहुतेकांना कळलेही नाही. युजनेटला मालक नव्हता म्हणून कुणीतरी कुठेतरी फीत जपू शकला. याहूला मालक होता.

एक वाट उरली आहे. त्या गटांचे संदेश सभासदांना ईमेलनेही येत. ज्यांचे वय आज चाळीस-पन्नास आहे, त्या भावांनी, ताईंनी, दादांनी आपापले जुने ईमेल खाते उघडावे. पासवर्ड विसरला असेल तर मुलांना बसवा. गटाच्या नावाने शोधा, सापडले तर पुसू नका, एक प्रत संगणकावर उतरवून घ्या. दुसऱ्यांचे पत्ते, फोन नंबर, खाजगी गोष्टी झाकूनच ते कुणाला दाखवायचे. मंचर आणि नारायणगावात आम्ही दोन रविवार यासाठी बसलो. एका ताईंच्या खात्यात २००७ पासूनचे संदेश निघाले, साडेतीनशेच्या आसपास.

त्या मुलीला आम्ही पुन्हा बोलावले, माफी मागितली, आणि एक काम दिले. पुणे करारावर नवख्याला पडतील असे प्रश्न तिने लिहायचे, उत्तरे आम्ही जुन्यांनी द्यायची, भाषा तिला कळेपर्यंत आम्ही बदलायची. तीन बैठका लागल्या. करार २४ सप्टेंबर १९३२ चा, येरवडा तुरुंगातला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा. स्वतंत्र मतदारसंघ गेले. या साध्या गोष्टी एका पानात बसवताना आमच्यातल्या दोघा पदवीधरांची भांडणे झाली. आता ते पान ग्रुपवर सगळ्यात वर लावलेले आहे आणि नवीन माणूस जोडला की ती स्वतः त्याला पाठवते. तिने एकूण अकरा प्रश्न लिहिले होते. नववा असा: "तेव्हा आपल्या आंबेगाव-जुन्नरमध्ये कुणी सभा घेतली होती का? कोण होते ते?" तिथे अजून रेघ ओढलेली आहे. येत्या रविवारी ती आणि आम्ही तिघे मंचरजवळच्या एका नव्वदीतल्या बाबांकडे जाणार आहोत, त्यांच्या वडिलांकडून त्यांनी काय ऐकले ते विचारायला.